दारू सुटल्यानंतरचा दुसरा अंक स्टेजवर कसा उभा करायचा?

विंगेतला_माणूस

नमस्कार मंडळी. आमचा लालबाग-परळकडचा हौशी ग्रुप आहे, सगळे नोकरी सांभाळून नाटक करणारे. यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी बसवतोय, विषय दारू. नायक कुरिअर ऑफिसात सुपरवायझर, चाळिशीचा, चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहणारा. घरात बायको, आई आणि दहावीतली मुलगी. पहिल्या अंकात तो पीत पीत पार तळाला जातो. दुसऱ्या अंकात दारू सुटते आणि सुटलेलीच राहते. बास, एवढंच नाटक.

परवा वाचन झालं. पहिला अंक झकास गेला, लोक हसले, मग गप्प झाले, एका मावशींनी डोळे पुसले. दुसरा सुरू झाला आणि दहा मिनिटांत निम्मी मंडळी मोबाईलमध्ये. आता आमचे दिग्दर्शक म्हणतात की शेवटी त्याला मारूया, म्हणजे नाटक "बसेल". मला हे मनापासून पटत नाहीये. दारू सोडून वर्षानुवर्षं नीट जगणारी माणसं मी बघतो, सकाळच्या ८.१२ ला माझ्याच डब्यात असतात, पण स्टेजवर ती मला कधी भेटलेली नाहीत. तिथे दारुड्या एकतर हसवतो नाहीतर मरतो.

तर प्रश्न असा की घरातली दारू सुटली की पुढे रोजच्या रोज नक्की काय होतं? आणि त्यात नाटक कुठे असतं? घरातलं, शेजारचं, स्वतःचं, जे असेल ते लिहा. नावं नकोतच.

कांदेनवमी

रुमाल टाकून ठेवते. रात्री जेवणं उरकली की लिहिते. आमच्याच घरातलं आहे.

जुना_प्रेक्षक

विषय निघालाच आहे तर राम गणेश गडकऱ्यांना वगळून पुढे जाता येणार नाही. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं २० फेब्रुवारी १९१९ ला, बडोद्यात, गंधर्व नाटक मंडळीकडून. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस तिचा दारुडा नवरा सुधाकर. गडकरी त्याच्या महिनाभर आधी, २३ जानेवारीला गेले, म्हणजे हा प्रयोग त्यांनी पाहिलाच नाही. आज शंभर वर्षं उलटून गेली तरी दारू म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यापुढे सुधाकरच येतो.

पण दादा, तुमचा दुसरा अंक त्या नाटकात थोडासा आहे बरं का. लोकांना तळीरामचं पिणाऱ्यांचं आर्य मदिरा मंडळ आठवतं, सिंधूचं दळण आठवतं, शेवटचं विष आठवतं. मधला भाग विसरतात. सुधाकर मध्ये एकदा दारू सोडतो. अगदी शपथ घेऊन सोडतो आणि काम मागायला जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो. तिथे त्याला काय मिळतं तर अपमान. एकेकाळचा हुशार वकील दारोदार फिरतो आणि जो तो त्याला हिडीसफिडीस करतो, आणि मग तो परत प्याल्याकडे वळतो. माझ्या मते अख्ख्या नाटकातला सगळ्यात खरा भाग तो. वकिलीची सनद गेली तेव्हा तो प्यायला लागला ते समजू शकतो, पण सोडल्यावर कुणी दारात उभं केलं नाही हे जास्त लागतं. तुमच्या नायकाला कंपनीत परत घेतात का? घेतलं तर कुठल्या टेबलावर बसवतात? तिथून सुरू करा.

टवाळ_पोपट

दिग्दर्शकांना सांगा, मारायचाच असेल तर मध्यंतराआधी मारा. आम्ही बदलापूरवाले, गाडी तरी वेळेत मिळेल.

विंगेतला_माणूस

@जुना_प्रेक्षक काका, नोकरीचा भाग आमच्या संहितेत एका वाक्यात उरकलाय, "साहेबांनी परत घेतलं" असं बायको आईला सांगते आणि संपलं. तिथे प्रवेश होऊ शकतो हे डोक्यातच आलं नव्हतं. वाचतोय सगळ्यांचं.

कांदेनवमी

हं, आता निवांत बसलेय.

दारू सुटली तेव्हा मला वाटलं होतं की आता सुख. नातेवाईकांचे फोन आले, एका नणंदेने साखर वाटली. आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी साडेसातला हा माणूस घरात असतो आणि आम्हा कुणालाच त्याच्याशी काय बोलायचं ते माहीत नाही. आधी आठ ते अकरा ही त्याची बाहेरची वेळ. त्या तीन तासांत आम्ही मायलेकरं जेवायचो, अभ्यास व्हायचा, टीव्ही लागायचा. आता तो सोफ्यावर. मुलगा ताट घेऊन आतल्या खोलीत जायला लागला. हा विचारायचा, मी घरात असलो की तुम्ही सगळे उठून का जाता? काय सांगणार.

मी स्वतः काय करायचे ते सांगते. दार उघडलं की पिशवी घ्यायच्या निमित्ताने जवळ जायचे आणि वास घ्यायचे. त्याला कळायचं. सुरुवातीला तो मुद्दाम "हा" करून तोंडातून श्वास सोडायचा माझ्यासमोर, हसत हसत. मग ते हसणं बंद झालं. मग एक दिवस दारातच उभा राहून म्हणाला, "घे वास, मग मी आत येतो." त्या वेळी मला इतका राग आला होता ना, की तू एवढी वर्षं काय काय केलंस आणि आता मी वास घेते तर तुला लागतं! तिथून आमचं कडाक्याचं भांडण झालं, दारू असतानाही झालं नव्हतं असं, कारण तेव्हा भांडायला समोर शुद्धीत कुणी नसायचंच.

आणि पैसे. एटीएम कार्ड तांदळाच्या डब्यात तळाशी असायचं माझ्याकडे. सोडल्यावर किती दिवसांनी ते परत द्यायचं? हे कुणी सांगत नाही. त्याने मागितलं नाही आणि मीही दिलं नाही, पण तांदूळ काढताना प्रत्येक वेळी वाडगा त्या कार्डाला लागायचा. तुम्हाला नाटक हवंय ना, माझ्या मते ते त्या डब्यात आहे. तुमच्या नायकाच्या बायकोला पहिल्या अंकात रडायला खूप दिलं असेल, दुसऱ्या अंकात तिला संशय घेऊ द्या. ती चांगली बाई आहे हे दाखवायच्या नादात तिला गोड करू नका.

प्रकाशयोजना

कांदेनवमी ताई, दंडवत. विंगेतले दादा, ही तांदळाच्या डब्याची पोस्ट तुमच्या अख्ख्या अंकाला पुरेल.

मी व्यावसायिक नाटकांचे लाइट्स करतो, म्हणून तांत्रिक बोलतो. पहिला अंक चालतो कारण त्यात प्रेक्षकाला करायला काहीतरी असतं. आता पडेल, आता मारेल, आता सापडेल. दुसऱ्यात तुम्ही बहुतेक त्याला भाषणं दिलीत. बरा झालेला माणूस स्टेजवर आला की लेखकाला त्याच्या तोंडून शहाणपण वदवायची घाई होते आणि शिवाजी मंदिरच्या शेवटच्या रांगेतला माणूस लगेच खोकतो. त्याला शहाणपण देऊ नका, त्याला काम द्या. हातात इस्त्री द्या, गॅसचा सिलिंडर बदलायला लावा. आणि एक बाटली कायम स्टेजवर कुठेतरी ठेवा जी प्रेक्षकाला माहीत आहे आणि घरातल्यांना नाही. पहिल्या अंकात त्याने लपवली होती आणि कुठे लपवली ते तोच विसरलाय. दुसरा अंकभर लोक मोबाईल काढणार नाहीत, गॅरंटी.

चोवीस_तास

इथे बरीच वर्षं फक्त वाचतो, लिहायला आज लागतोय. मी अल्कोहोलिक आहे. आज प्यायलेलो नाही. आमच्यात हे असंच सांगतात, उद्याचं आम्ही बोलत नाही.

'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे एए बद्दल नाटकात काय दाखवणार असाल तर आधी एखाद्या ओपन मीटिंगला या. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्याला दारू सोडायचीय त्याच्यासाठी असते, ओपनला कुणीही येऊ शकतं. मुंबईत शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये होतात, मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्या भाषांत. लहान मुलांच्या बाकावर साठीतले बाप्ये गुडघे वर करून बसलेले असतात. एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, "अरे मग तू असं करायला हवं होतंस" हे वाक्य तिथे ऐकू येत नाही. फी नाही. शेवटी एक टोपी किंवा डबा फिरतो, जमेल तो टाकतो, आणि बाहेरच्या कुणाकडून देणगी घेत नाहीत. चहा असतो.

आता नाटकाचं. तुम्ही विचारता सुटण्यात नाटक कुठे, तर एए सुरू झाली तोच एक प्रवेश आहे. १९३५, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव. न्यूयॉर्कहून धंद्यासाठी आलेला बिल डब्ल्यू. नावाचा माणूस, दारू सोडून थोडेच महिने झालेले, सौदा फिसकटलेला, हॉटेलच्या लॉबीत एकटा. एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चची यादी. त्याला कळलं की आत्ता आपण दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो नाही तर पिणार. म्हणून तो फोन लावत सुटला. त्यातून दुसऱ्या दिवशी भेट झाली एका सर्जनशी, डॉक्टर बॉब. तोही पक्का पिणारा. डॉक्टर म्हणाला पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही. बसले कित्येक तास. डॉक्टर नंतर एकदा परत घसरला, आणि १० जून १९३५ ला शेवटचा प्यायला, तो दिवस आम्ही एएचा स्थापना दिवस मानतो. भारतात हे १९५७ पासून आहे.

बघा, त्यात कुणी कुणाला उपदेश केला नाही. बिलने आपलं स्वतःचं सांगितलं, आणि ते त्याने डॉक्टरला वाचवायला सांगितलं नव्हतं, स्वतः वाचायला सांगितलं. मला पहिल्या मीटिंगला जो माणूस भेटला त्याने मला "दारू वाईट" असं एकदाही म्हटलं नाही. त्याने फक्त तो गॅलरीत चपलांच्या कपाटात बाटली कशी ठेवायचा ते सांगितलं. मी पण तिथेच ठेवायचो.

जुना_प्रेक्षक

@चोवीस_तास, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. एक गोष्ट जाणवली. गडकऱ्यांचा सुधाकर शेवटाकडे मित्राला, रामलालला, सांगतो की दारूतून सुटायची वेळ एकच, पहिला प्याला घ्यायच्या आधीची. नंतर सुटका नाही. आणि तुमच्याकडेही म्हणतात ना, की माणसाला पाडतो तो पहिलाच पेग, दहावा नव्हे?

चोवीस_तास

हो काका, अगदी हेच म्हणतात. फरक इतकाच की सुधाकरसाठी तो पहिला प्याला आयुष्यात एकदाच होता आणि तो घेऊन झाला होता. आम्हाला तो रोज सकाळी नव्याने न घ्यायचा असतो. म्हणून तर चोवीस तास.

वॉर्ड_नंबर_नऊ

मी नर्स आहे, एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला बरीच वर्षं. लेखकदादा, एक विनंती आहे आणि ती मनावर घ्याच. नाटकात त्याला खोलीत कोंडून, दाराला बाहेरून कडी लावून दारू सोडवतात असा सीन असेल तर काढा. असतोच असा सीन. आई बाहेर जप करतेय आणि तो आत ओरडतोय आणि तिसऱ्या दिवशी स्वच्छ होऊन बाहेर येतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण दोन ते चार दिवसांत काहींना डीटी होतो, डिलिरियम ट्रेमेन्स. हात लटपटतात, ताप, घाम, अंगावर किडे चालताना दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. घरच्यांनी प्रेमाने कोंडलेला माणूस आमच्याकडे स्ट्रेचरवर आलेला मी पाहिलाय. बायको हातात देवाचा अंगारा घेऊन उभी होती आणि सारखी म्हणत होती, मी तर दारू बंद केली ना सिस्टर, मग असं का?

म्हणून सुरुवात डॉक्टरकडे. झोपेची-शांत करणारी औषधं मोजून देतात, मग रोज कमी करत नेतात. व्हिटॅमिन बी१ चं इंजेक्शन असतं, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं आणि त्याने मेंदूवर परिणाम होतो.

दुसरं. चहात गुपचूप गोळी. डायसल्फिराम म्हणून औषध आहे, ते घेऊन वर दारू प्यायली की चेहरा लाल, धडधड, उलट्या, बीपी खाली. डॉक्टर ते पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने देतात. त्याच्या नकळत भाजीत घालणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. "न कळत दारू सोडवा" म्हणून भिंतींवर जाहिराती असतात त्यातल्या पुड्यांत काय असतं देव जाणे. तुमच्या नाटकातल्या आईला ती पुडी आणू द्या हवं तर, पण त्याचं पुढे काय होतं तेही दाखवा.

विंगेतला_माणूस

सिस्टर, कोंडण्याचा सीन आहे. होता. मध्यंतराचा पडदा त्याच्यावरच पडत होता. काढला.

माहीमचा_पम्या

सगळं ठीक आहे हो, पण नाटक बघून आजवर कुणी दारू सोडलीय का? 'एकच प्याला' बघून आमचे आजोबा रडत रडत घरी यायचे आणि येताना घेऊन यायचे. शंभर वर्षं झाली, वाइन शॉपच्या रांगा बघा. तुम्ही स्पर्धेत बक्षीस मिळवा, शुभेच्छा आहेत, पण समाजप्रबोधन वगैरे म्हणू नका.

कांदेनवमी

पम्या भाऊ, पिणाऱ्याचं मी सांगू शकत नाही. पण मी सासरी आले तेव्हा मला वाटायचं हे फक्त आमच्याच घरात चाललंय. शेजारच्यांना आवाज जाऊ नये म्हणून मी भांडण सुरू झालं की मिक्सर लावायचे. असं काही तेव्हा स्टेजवर पाहिलं असतं तर दहा वर्षं आधी कुणाशी तरी बोलले असते. प्रेक्षागृहात पिणारा एक असेल तर त्याच्याबरोबर तिकीट काढून आलेले चारजण असतात, नाटक त्यांच्यासाठी पण असू शकतं ना?

चोवीस_तास

ताईंना अनुमोदन. घरच्यांसाठी वेगळ्या मीटिंगा असतात, अल-अ‍ॅनॉन. १९५१ ला बिलच्या बायकोने, लोइसने, एका मैत्रिणीबरोबर सुरू केलं. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवायची ते शिकवत नाहीत, तो पीत असो वा नसो, आपण कसं जगायचं ते बोलतात.

गिरणगावची_पोर

पम्याच्या आजोबांवरून आमच्या गल्लीची आठवण आली. माझे वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. पगाराच्या दिवशी गेटवर दोन रांगा असायच्या, एक बायकांची आणि एक उधारीवाल्यांची. ज्याच्या हाती पाकीट आधी लागेल तो जिंकला. आई मला कडेवर घेऊन उभी राहायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस घरी बसला, आणि लोकांना वाटेल पगार बंद म्हणजे दारू बंद. उलट झालं. ज्या माणसाला आठ तास उभं राहून साचा चालवायची सवय, तो दिवसभर नाक्यावर. आधी मित्रांनी पाजली, मग हातभट्टी. आमच्या मजल्यावरचे दोघे गेले त्यात. त्यांना कुणी दारुडे म्हणायचं नाही, "संपात गेला" म्हणायचे.

म्हणून नायकाच्या वडिलांचा गिरणीशी काही धागा ठेवता आला तर बघा. टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावरून त्याला खाली काय दिसतं? जिथे बाप उभा असायचा तिथे आता मॉल आहे.

माहीमचा_पम्या

म्हणजे सरसकट दारूबंदी हवी असं का तुमचं?

गिरणगावची_पोर

तसं कुठे म्हटलं मी? मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा अजून कागदावर आहेच, परमिट रूमची पाटी त्याचीच. वर्धा जिल्ह्यात दारू १९७५ पासून बंद, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूर २०१५ ला बंद केलं आणि २०२१ ला परत उघडलं. मालाडच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तिथे काही बंदी नव्हती, स्वस्त मिळते म्हणून गरीब तीच प्यायचा. मला बंदीवर मत द्यायचं नाहीये, मला आईच्या कडेवरून दिसलेलं सांगायचं होतं.

टवाळ_पोपट

बंदीवर वेगळा धागा काढा हो, तिथे मनसोक्त भांडू. इथे एका माणसाचा दुसरा अंक अडकलाय.

पावसाळी_छत्री

मुलीच्या बाजूने लिहिते. बाबांनी सोडली तेव्हा मी बारावीत. सगळे म्हणायचे, किती भाग्यवान आहेस. मला मात्र नवीन बाबा आवडायचे नाहीत. पिणारे बाबा दोन प्रकारचे होते, एक मारकुटे आणि एक रविवारी सकाळी पश्चात्तापाने वेडे झालेले, जे माझ्यासाठी दादर मार्केटमधून काहीही आणायचे. दारू गेली आणि दोन्ही गेले. उरला एक चिडचिडा माणूस ज्याला अचानक माझ्या मार्कांत, कपड्यांत, येण्याजाण्यात लक्ष घालायचं होतं. अरे तुम्ही पाच वर्षं नव्हता, तेव्हा घर मी आणि आईने चालवलं, आता तुम्ही मला कितीला घरी यायचं सांगणार?

त्यांनी एकदा माझी माफी मागितली. समोर बसून, कागदावर लिहून आणलं होतं, तारखा नव्हत्या पण प्रसंग होते. काही मला आठवत होते, काही नव्हते, आणि जो मला सगळ्यात जास्त आठवायचा तो त्या कागदावर नव्हताच, कारण तो त्यांना आठवतच नव्हता. मी सांगितला. ते पांढरेफटक पडले. मी तेव्हा माफ वगैरे काही केलं नाही, उठून क्लासला गेले.

आणि एक बारीकसं. चुलतभावाच्या हळदीला अलिबागला गेलो होतो, तिथे हळद म्हणजे कसं असतं माहितीये ना. बाबा थम्सअपचा ग्लास सबंध वेळ हातात धरून होते. टेबलावर ठेवायचेच नाहीत. एकदा कुणीतरी नाचायला ओढलं म्हणून ठेवला आणि परत आले तेव्हा तोच ग्लास त्यांनी प्यायला नाही, आधी वास घेतला, मग बाजूला सारला आणि नवीन बाटली स्वतः उघडून घेतली. दूरचे काका ओरडत होते, "अरे एकाने काय होतंय, पोराचं लग्न आहे!" बाबा हसले नुसते. मी त्या रात्री पहिल्यांदा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बोललो काहीच नाही.

चोवीस_तास

पावसाळी, माफीचा तो भाग आमच्या बारा पायऱ्यांतल्या आठव्या-नवव्यात येतो. आठवीत ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची, नववीत शक्य तिथे भरपाई करायची, पण ज्याने समोरच्याला आणखी त्रास होईल तिथे नाही. त्या पायरीत समोरच्याने माफ करायलाच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही क्लासला गेलात ते तुमचं बरोबर होतं.

प्रकाशयोजना

विंगेतले दादा, हा हळदीचा प्रवेश घ्या. पावसाळी ताईंची परवानगी असेल तर. स्टेजभर दंगा, संगीत, सगळे पितायत, मध्यभागी एक माणूस आणि त्याच्या हातातला ग्लास. मी तो ग्लास सोडून बाकी सगळा उजेड हळूहळू काढून घेईन.

जुना_प्रेक्षक

प्रकाशराव, उजेड काढू नका. दंगा चालूच राहू द्या. प्रेक्षकाला तो ग्लास स्वतः शोधू द्या की.

पावसाळी_छत्री

परवानगी आहे. गाव बदला फक्त. आणि काका म्हणतात ते मला पटतंय, उजेड काढला तर ते खास होईल, आणि तिथे कुणालाच ते खास वाटलं नव्हतं.

एकांकिकावाली

अवांतर पण उपयोगी: पिणाऱ्याची भूमिका करणारा कोण आहे? त्याला झोकांड्या देऊ देऊ नका. प्यायलेला माणूस आपण प्यायलेलो नाही हे दाखवायचा जिवापाड प्रयत्न करत असतो, चावी नीट लावायची धडपड, जिभेवर शब्द ठरवून ठेवणं. ग्लासात कोरा चहा असतोच, पण तो घोट गिळण्याआधी घसा किती घाईत आहे ते दिसलं पाहिजे. आणि दुसऱ्या अंकात त्याच नटाला हातांचं काय करायचं ते विचारा. दारू सोडलेल्या माझ्या मामाचे हात महिनोन्महिने रिकामे दिसायचे, काड्यापेटी फिरवत बसायचा.

विंगेतला_माणूस

मंडळी, गेले काही दिवस इथलं वाचून रात्री लिहीत होतो. आता दुसरा अंक असा झालाय. सुरुवात हॉस्पिटलात, आई पुडी घेऊन आलीय आणि सिस्टर तिच्याकडून ती काढून घेतात. मग ऑफिस, साहेब चांगलं बोलतात पण कॅशच्या कपाटाची चावी आता ज्युनिअरकडे आहे आणि त्याला रोज ती मागावी लागते. मग घर, साडेसात वाजता. वासाचा प्रसंग ताईंच्या परवानगीने घेतलाय, डबा मात्र डाळीचा केलाय. एए दाखवत नाही, फक्त तो तिथून परत येतो आणि मुलगी विचारते तिथे काय करता, तर तो म्हणतो, ऐकतो. मग हळद. विसरलेली बाटली प्रकाशरावांनी सांगितली तशी पहिल्या अंकात गच्चीच्या टाकीमागे.

दिग्दर्शकांनी काल वाचलं. मारायचं राहू द्या म्हणाले. पण आता भांडण वेगळं आहे, बाटलीचं शेवटी काय? ते म्हणतात त्याला सापडते आणि तो ओतून टाकतो, टाळ्यांचं वाक्य, पडदा.

चोवीस_तास

ओतू नका. घरात बाटली सापडली आणि मी एकटा असेन तर मी तिला हात लावणार नाही. ओतायला उघडावी लागते आणि उघडली की वास येतो. मी फोन लावीन.

वॉर्ड_नंबर_नऊ

किंवा ती बायकोला सापडते. आणि तिला कळत नाही की ही जुनी आहे की कालची.

कांदेनवमी

अगंबाई. हो. हेच. असंच झालेलं आमच्याकडे, माळ्यावर, दिवाळीच्या साफसफाईत. हातात धरून बघत होते की लेबलवर धूळ किती आहे. मी त्याला विचारलं. त्याने सांगितलं जुनी आहे. आता विश्वास ठेवायचा की नाही हे माझ्यावर होतं, तो काय सिद्ध करणार?

माहीमचा_पम्या

मग ठेवला?

कांदेनवमी

त्या दिवशी नाही ठेवला. बाटली सोसायटीच्या कचऱ्यात टाकून आले आणि चार दिवस बोलले नाही. कार्ड त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी दिलं, भाजी आणायला पाठवताना, त्याने पिशवी घेतली आणि मी कार्ड पण दिलं, पिन त्याला आठवत नव्हता.

विंगेतला_माणूस

ताई, बाटली बायकोलाच सापडते. ठरलं. पिन पण घेऊ का?

कांदेनवमी

घ्या. पण नवऱ्याला आधी विचारते, त्याचंही आहे ते.

...

विचारलं. म्हणाला घेऊ द्या, फक्त तो नट जाड नको.

टवाळ_पोपट

हे बेस्ट! वहिनी, भाऊंना सांगा नटाचं ऑडिशन त्यांनीच घ्यावं.

माहीमचा_पम्या

मी वर जे म्हटलं त्यावर अजून ठाम आहे, नाटकाने दारू सुटत नाही. पण प्रयोग कधी आहे? भावाला घेऊन येईन म्हणतो. तो पितो म्हणून नाही, वहिनीला आणायचंय.

विंगेतला_माणूस

पम्या, नक्की ये. स्पर्धेचा नंबर लागायचाय, तारीख आणि नाट्यगृह कळलं की इथेच टाकतो. त्याआधी पुढच्या रविवारी दुपारी चारला परळला पूर्ण वाचन आहे, चाळीस खुर्च्या आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनि (खाजगी निरोप) करा, पत्ता पाठवतो. @चोवीस_तास, तुम्ही आलात तर ग्रुपला फार आवडेल, चहा-वडा आमच्याकडून, प्रवासखर्चही देऊ.

चोवीस_तास

एएतर्फे म्हणून कुणी येणार नाही, कुठल्या नाटकाला आम्ही पाठिंबा देत नाही की विरोध करत नाही, आणि माझं नावही कुठे यायला नको. नाटकं आवडणारा माणूस म्हणून येईन. प्रवासखर्च नको, पास आहे. चारची वेळ साडेचार केलीत तर बरं, रविवारी तीनला आमची मीटिंग असते.

विंगेतला_माणूस

साडेचार केली.